कुणाची रेंज खरंच चांगली? पुण्यात स्वतः मोजून कसं ठरवायचं

घर बदललं की सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला, इथे कुणाची रेंज चांगली येते? मग एक जण म्हणतो माझं मस्त चालतं, त्याच कंपनीचं सिम वापरणाऱ्या दुसऱ्या विंगमधल्या ताई म्हणतात जिन्यात जाऊन बोलावं लागतं. दोघंही खरंच सांगत असतात, पण कुणाचा फोन पाच वर्षं जुना, कुणी दुसऱ्या मजल्यावर, कुणी चौदाव्या, कुणाच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू आहे हे त्यालाच माहीत नाही. अशा उत्तरांवरून नंबर पोर्ट करू नका. मी स्वतःच्या दोन घरांसाठी, आईबाबांच्या फ्लॅटसाठी, बहिणीच्या दुकानासाठी आणि ऑफिसातल्या दहाएक जणांसाठी हे मोजून दिलंय. दोन दिवसांत मिळून तीन-चार तासांचं काम आहे आणि त्यात अवघड टप्पा एकच, घराच्या आतलं मोजमाप. बाकीचं पटापट सांगतो, तिथे मात्र थांबणार आहे.

नकाशे बघा, पण त्यावर ठरवू नका

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२४ च्या नियमांनंतर कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. तुमच्या भागात ४जी, ५जी आहे की नाही एवढं त्यातून कळतं आणि तेवढ्यासाठीच ते बघायचे. टॉवर इथे, अँटेना एवढी उंच, मग बाहेर साधारण एवढा सिग्नल पोचेल, असा तो बराचसा कॉम्प्युटरचा हिशोब असतो, तुमच्या किचनची भिंत त्यात नसते.

"पुण्यात अमुक कंपनी बेस्ट" हे वाक्य तर ऐकायचंच नाही. पुण्यात मधे टेकड्या आहेत. वेताळ टेकडीच्या एका अंगाला कोथरूड, दुसऱ्या अंगाला पाषाण, आणि टेकडीला लागून असलेल्या इमारतीला पलीकडच्या टॉवरचा काही उपयोग नाही. कॅम्प, खडकी अशा लष्करी हद्दीत टॉवर उभारायला वेगळ्या परवानग्या लागतात, त्यामुळे दोन चौकांमध्ये चित्र बदलतं. पेठांमध्ये गल्ल्या अरुंद आणि इमारती एकमेकींना चिकटून, सिग्नल सरळ येतच नाही, भिंतींवर आपटत आपटत येतो.

अजून एक गैरसमज, समोरच्या गच्चीवर टॉवर आहे म्हणजे रेंज भारी. एक तर त्या टॉवरवर कुठल्या कंपन्यांच्या अँटेना आहेत ते खालून कळत नाही, बऱ्याचदा एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्या असतात, कधी एकच असते. आणि अँटेनाचा झोत लांब फेकलेला असतो, बरोब्बर खाली राहणाऱ्यांना बऱ्याचदा कमीच मिळतं. आपल्या भागात टॉवर कुठे आहेत ते बघायचंच असेल तर दूरसंचार विभागाचं तरंग संचार पोर्टल आहे.

जागा ठरवा

पाच ते सात, जास्त नको. जिथे फोन लागला नाही तर खरंच अडचण होते त्याच जागा. माझ्या यादीत कायम असतात बेडरूममधला पलंग, किचनचा ओटा, बेसमेंट पार्किंग, लिफ्टसमोरची जागा, ऑफिसातलं आपलं टेबल, आणि रोजच्या रस्त्यातली एखादी वाईट जागा. मेट्रोने जात असाल तर शिवाजीनगर ते स्वारगेट हा जमिनीखालचा तुकडा धराच, त्यातलं मंडई स्टेशन तर नक्की. वनाज–रामवाडी मार्ग वरून जातो, तिथे वेगळं मोजायची गरज नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांची नेहमीची खुर्ची यादीत सगळ्यात वर.

सिम आणि फोन

फोन एकच, सिम वेगवेगळी. हा नियम मोडला तर पुढचं सगळं वाया. दोन फोन शेजारी ठेवून तुलना करणारे व्हिडिओ बघू नका, दोन वेगळ्या मॉडेलच्या अँटेनामध्येच एवढा फरक असतो की सगळं श्रेय किंवा सगळा दोष कंपनीच्या माथी जातो.

सिम घरच्यांचं मागून घ्या, नाहीतर नवं प्रीपेड घ्या, एका माणसाच्या नावावर ९ पर्यंत चालतात. कुणाचं मागून घेत असाल तर आधी सांगा, कारण सिम फोनमधून काढलं की यूपीआय अ‍ॅप अडू शकतं. सिमवर प्लॅन कुठला आहे तेही विचारा, स्वस्त प्लॅनवर ५जी मिळेलच असं नाही.

फोनमध्ये त्या कंपनीचे बँड, म्हणजे ती वापरते ते फ्रिक्वेन्सीचे पट्टे, आहेत का ते मॉडेलच्या माहितीत बघून घ्या. जिओचं ५जी ७०० आणि ३३०० मेगाहर्ट्झ दोन्हींवर आहे, बीएसएनएलचं ४जी ७०० वरसुद्धा आहे, आणि जुन्या किंवा बाहेरच्या देशातून आणलेल्या फोनमध्ये यातलं काहीतरी नसतं. मग रेंज असून फोनला ती दिसतच नाही.

मोजताना दुसरं सिम सेटिंगमधून बंद करा. दोन्ही चालू ठेवून अ‍ॅपमध्ये दोघांचे आकडे शेजारीशेजारी दिसतात, मोह होतो, पण ज्या सिमवर डेटा चालू आहे ते जागं असतं आणि दुसरं पेंगत असतं, त्यांची बरोबरी होत नाही.

आणि वायफाय बंद. नुसतं वायफाय नाही, वायफाय कॉलिंगसुद्धा बंद. एअरटेल आणि जिओ दोघांकडे हे २०१९-२० पासून आहे आणि घरोघरी नकळत चालू असतं, त्यामुळे "माझ्या घरात कॉल एकदम क्लिअर" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा कॉल टॉवरवरून जातच नसतो, तो जातो ब्रॉडबँडवरून. लाइट गेली, राउटर बंद पडला की कळतं.

आकडा कुठला बघायचा

दांड्या बघू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोनची कंपनी ठरवते, मी एकाच जागी एका फोनवर चार आणि दुसऱ्यावर दोन बघितल्यात.

बघायचा तो आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत किती ताकदीने पोचतोय तो आकडा. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* डायल करून किंवा सेटिंगमध्ये सिम स्टेटसमध्ये मिळतो, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्ट उघडतं. मी अँड्रॉइडवर नेटवर्क सेल इन्फो लाइट वापरतो कारण त्यात बँडही दिसतो. आकडा उणे असतो, म्हणजे -८५ हा -१०५ पेक्षा चांगला, यात लोक हमखास उलटं वाचतात. माझा अंदाज असा, -९० च्या वर उत्तम, -१०० पर्यंत निवांत, -११० ला कुरकुर सुरू, -११५ च्या खाली कॉल लागला तरी टिकेल याची खात्री नाही. दर ३ डेसिबलला ताकद अर्धी होते आणि १० डेसिबलला दहावा हिस्सा उरतो, त्यामुळे -९५ आणि -१०५ मधला फरक कागदावर छोटा वाटला तरी छोटा नाहीये.

आता घराच्या आत

तीन वर्षांपूर्वी आईबाबा बावधनच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मी दोन सिम घेऊन गेलो, हॉलमध्ये आणि बाल्कनीत मोजलं, एका कंपनीचं -८८ आणि दुसरीचं -९६ आलं, पहिली घेतली, बाबांचा नंबर पोर्ट केला आणि घरी आलो. आठवड्याभरात आईचा वैतागून फोन, बाबांना कुणी फोन केला की संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे असं ऐकू येतं, आणि बाबा तर घरातच बसलेले. परत जाऊन त्यांच्या बेडरूममध्ये मोजलं तर -११७. आणि एकदा पोर्ट केलं की ९० दिवस परत करता येत नाही. ते तीन महिने बाबांनी फोन बाल्कनीतल्या टेबलावर ठेवून काढले. डॉक्टरांकडून येणारा एक महत्त्वाचा कॉल चुकला तेव्हा मला फार लागलं, आणि तेव्हापासून या टप्प्याला मी घाई करत नाही.

चूक कुठे झाली ते सांगतो, कारण सगळे तीच करतात.

पहिली गोष्ट भिंत. पुण्यात गेल्या काही वर्षांत झालेले बरेचसे उंच टॉवर मायवान पद्धतीचे आहेत, म्हणजे विटा नाहीतच, आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीट आणि सळईच्या. अशा प्रत्येक भिंतीमागे सिग्नल धपकन पडतो. किती पडतो ते फ्रिक्वेन्सीवर ठरतं. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात, २३०० आणि ३३०० बाहेर जोरदार आणि आत लंगडे. बाल्कनीत जिंकलेली कंपनी बँड ४० वर होती म्हणजे २३०० वर, दुसरी खालच्या बँडवर. आत शिरल्यावर क्रम उलटला. म्हणून आकड्याशेजारी बँड लिहिणं सोडू नका. बँड ५ म्हणजे ८५०, ८ म्हणजे ९००, ३ म्हणजे १८००, ४० म्हणजे २३००. बाल्कनीत दोघांचा आकडा सारखा असेल आणि एक बँड ५ वर, एक बँड ४० वर, तर आतल्या खोलीत पहिली जवळपास नक्की पुढे राहणार.

दुसरी गोष्ट, फोन जुन्या टॉवरला चिकटून राहतो. तुम्ही हॉलमधून बेडरूममध्ये आलात म्हणून लगेच नवा टॉवर किंवा नवा बँड पकडत नाही, आणि स्क्रीन बंद असेल तर आकडाही मिनिटभर शिळाच दाखवतो. दारात उभं राहून एक नजर टाकून "इथे -९२" असं लिहिणाऱ्यांनी हॉलचा आकडा लिहिलेला असतो. मी आता असं करतो: जागेवर जाऊन बसायचं, एक मिनिट काहीच करायचं नाही, मग एखादा व्हिडिओ लावून फोनला कामाला लावायचं आणि आकडा लिहायचा. मग विमान मोड पंधरा सेकंद चालू करून बंद करायचा, परत व्हिडिओ, परत आकडा. दोन आकड्यांत पाच-सातचा फरक असेल तर ठीक. पंधराच्या वर असेल तर समजायचं की फोन तिथे चुकीच्या टॉवरला धरून बसत होता, आणि रोजच्या वापरात तुम्ही काही दर वेळी विमान मोड करणार नाही, तेव्हा पहिला, वाईट आकडाच खरा धरायचा. कंपन्यांच्या दुकानातली मुलं विमान मोड करून दाखवतात आणि बघा आला की म्हणतात, त्याला फसू नका.

तिसरी गोष्ट आरएसएसआय. काही अ‍ॅप, खासकरून जुनी, आरएसआरपीऐवजी हा आकडा मोठ्या अक्षरात दाखवतात. आरएसएसआय म्हणजे त्या पट्ट्यातली सगळी ताकद एकत्र, गोंगाटासकट, आणि आरएसआरपी म्हणजे एका बारीक तुकड्याची. एकाच सिग्नलचे हे दोन आकडे २०-३० नी वेगळे असतात. एका सिमचा -७५ आरएसएसआय आणि दुसऱ्याचा -१०० आरएसआरपी समोरासमोर ठेवून पोर्ट करायला निघालेला माणूस मी बघितलाय, रेंज दोघांची जवळजवळ सारखीच होती. तसंच ५जीचा आकडा ४जीच्या आकड्याशी ताडू नका. एअरटेलचं ५जी सुरू झालं ते ४जीच्या टेकूवर, त्यामुळे वर ५जी लिहिलेलं असताना अ‍ॅप ४जीचाच आकडा दाखवत असू शकतं. जिओचं ५जी स्वतंत्र चालतं, तिथे आकडा ५जीचाच. सोपा उपाय, एक फेरी दोघांनाही फोनच्या सेटिंगमधून ४जीवर ठेवून करायची, ती तुलना स्वच्छ होते. ५जीची फेरी वेगळी.

चौथी गोष्ट तुमचा हात आणि अंग. फोन आडवा धरून तळव्यात दाबला की पाच-दहा डेसिबल सहज जातात. दर वेळी त्याच टेबलावर, त्याच दिशेने ठेवायचा, हात लांब.

दर जागी पाच वेळा, मिनिटभराच्या अंतराने. पाचातला सगळ्यात चांगला लिहायचा नाही, सरासरीही नाही, क्रमाने लावून मधला घ्यायचा आणि सगळ्यात वाईट शेजारी कंसात. बेडरूमचं दार लावून मोजा, रात्री दार लावूनच झोपतो ना आपण.

बाराव्या-पंधराव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांसाठी वेगळं. तिथे आरएसआरपी झकास दिसतो, -८० वगैरे, आणि तरी पेज उघडत नाही. अँटेना खाली रस्त्याकडे झुकवलेल्या असतात, वरच्या मजल्याला एकाच वेळी आठ-दहा टॉवर दिसतात आणि सगळे एकमेकांत मिसळतात. अशा ठिकाणी एसआयएनआर नावाचा आकडा बघा, आपला सिग्नल बाकीच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे ते तो सांगतो, २० च्या आसपास उत्तम, ५ च्या खाली कटकट, शून्याच्या खाली असेल तर आरएसआरपी कितीही छान असू दे, ते सिम त्या घरासाठी नाही.

कॉल करून बघा

बहुतेक लोक इथे पोचायच्या आधीच स्पीडटेस्ट करून मोकळे होतात. प्रत्येक जागेवरून तीन कॉल करायचे आणि तीन घ्यायचे. घ्यायचे महत्त्वाचे, कारण बाबांचं दुखणं तेच होतं, स्वतः केला की लागायचा, आलेला पोचायचा नाही. मित्राला सांगून ठेवा की अर्ध्या तासात कधीही कर, आणि स्क्रीन बंद करून ठेवा. बोलत बोलत हॉल, बेडरूम, जिना असं चाला, मित्राला एकतर्फी आवाज आला का ते विचारा, कॉल कट न होता वीस सेकंद मुका होणं हे कट होण्याइतकंच वाईट.

कॉल चालू असताना वर ४जी लिहिलेलं टिकतंय का ते बघा. एअरटेल आणि व्हीआयचं २जी अजून चालू आहे, ४जी कमी पडलं की कॉल त्यावर उतरतो, आवाज जरा पातळ येतो पण कॉल होतो. जिओकडे २जी नाही, सगळे कॉल ४जी-५जीवरूनच, त्यामुळे फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, चालू नसेल तर कॉल लागणारच नाही. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या आजीआजोबांसाठी सिम घेताना हे आधी तपासा.

वेळ

एक फेरी सकाळी, एक रात्री साडेआठ ते साडेदहा. रात्री सगळी सोसायटी मोबाइलवर असते. ऑफिस हिंजवडीला असेल तर तिथली फेरी दुपारी, रस्त्यावरची संध्याकाळी सुटायच्या वेळी. आरएसआरपी गर्दीने फारसा बदलत नाही, स्पीड आणि एसआयएनआर बदलतात, त्यामुळे सिग्नल तोच आणि रात्री सगळं अडकतंय असं दिसलं तर ती गर्दी आहे, भिंत नाही. गणपतीत लक्ष्मी रोडवर मोजून काही ठरवू नका.

गुरुवारी मेंटेनन्ससाठी तुमच्या भागातली लाइट जाणार असेल तर ती संधी सोडू नका. टॉवर बॅटरीवर असतात, दोन-तीन तासांनी कुणाचा टिकतो आणि कुणाचा बसतो ते त्या दिवशी कळतं. राउटरही बंद, म्हणजे मोबाइलवरच सगळी भिस्त.

स्पीड

दर जागी दोनदा पुरे, ट्राय मायस्पीड किंवा ओकला, दोन्ही सिमना एकच अ‍ॅप. डेटा सांभाळा. ५जीवर ३०० एमबीपीएस स्पीडने दहा सेकंद डाउनलोड म्हणजे ३७५ एमबी गेले, त्यामुळे दीड जीबीच्या प्लॅनवर मोजणी ४जीच्या कोट्यात धरली गेली तर चार टेस्टमध्ये दिवसाचा डेटा संपतो, मग स्पीड ६४ केबीपीएसवर येतो आणि माणूस लिहितो "रात्री नेटवर्क बंद". घरात १५-२० एमबीपीएस सातत्याने मिळत असेल तर पुढे ४०० आणि ६०० ची तुलना करत बसू नका, त्याऐवजी अपलोड बघा, व्हिडिओ कॉल अपलोडवर अडतो, ३ च्या खाली जात असेल तर ऑफिसच्या मीटिंगला रोज त्रास.

निर्णय आणि पोर्ट

कागदावर जागा उभ्या, सिम आडवी. एकूण गुण काढू नका. प्रत्येक सिमची सगळ्यात वाईट जागा शोधा, आणि ती जागा तुमच्या किती कामाची आहे ते बघा. पार्किंगमध्ये -११८ मला चालतो, बाबांच्या खुर्चीपाशी -११० सुद्धा चालत नाही. दोन सिमचा फोन असेल तर दोन वेगळ्या कंपन्या घ्या, आणि ज्या दोघी एकाच खोलीत एकदम पडतात ती जोडी नको.

पोर्टसाठी इंग्रजीत पोर्ट लिहून, स्पेस देऊन, आपला दहा आकडी नंबर १९०० वर एसएमएस करा. आठ अक्षरांचा कोड येतो, महाराष्ट्रात तो ४ दिवस चालतो. पोस्टपेडचं बिल आधी भरा. नुकतंच सिम हरवलं म्हणून किंवा बदलून नवं घेतलं असेल तर ७ दिवस कोड मिळत नाही, २०२४ च्या जुलैपासून तसा नियम आहे. नंबर सरकताना, बहुतेक रात्री, काही तास फोन बंद राहतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेचा ओटीपी लागणार असेल तर तो दिवस टाळा.

बाबांचे ९० दिवस संपले त्या आठवड्यात मी सिम घेऊन परत गेलो, या वेळी सरळ बेडरूममध्ये, दार लावून. बाल्कनीत हरलेलीच कंपनी घेतली, तिथे -१०१ येतो, आणि आईचा त्या विषयावर परत फोन आलेला नाही.